तीन नसलेला फासा

मित्रांनो, माझ्या अंगावर चार ठिपके दोनदा आहेत आणि तीन ठिपके एकदाही नाहीत. एवढ्यावरून ओळखले नसेल तर सांगतो, मी एक जुना लाकडी फासा आहे. बोराएवढा, काळपट, कोपरे झिजून गोल झालेला. आणखी एक गोष्ट आधीच कबूल करतो, म्हणजे नंतर तुम्ही मला बोल लावायला नको. मी मत्सरी आहे. या वयात हे शोभत नाही, हे मलाही कळते. पण माझ्या देखत कुणी दुसरा फासा हातात घेतला की माझ्या पोटात दुखायला लागते. माझी सगळी गोष्ट या पोटदुखीचीच आहे म्हणा ना.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. एका खुर्चीचा पाय जरा लांब झाला होता. तो कापल्यावर जो तुकडा उरला, तो मी. सुताराची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिच्या सापशिडीतला फासा हरवला होता आणि तिने रडून दुकान डोक्यावर घेतले होते. सुताराने मला करवतीने चौकोनी केले, काचकागदाने घासले आणि खिळा तापवून एकेक ठिपका डागायला सुरुवात केली. आधी एक, त्याच्या पाठीला सहा. मग दोन, त्याच्या पाठीला पाच. मग चार. आता एकच बाजू उरली होती आणि नेमके तेव्हाच एक गिऱ्हाईक भांडायला आले. त्याच्या कपाटाचे दार लागत नव्हते. सुताराचे म्हणणे होते की दार सरळ आहे, तुमची भिंतच वाकडी आहे. भांडण चांगलेच रंगले आणि त्या भरात सुताराने शेवटच्या बाजूवर पुन्हा चार ठिपके डागले.

मुलीच्या हे लक्षात आले दुसऱ्या दिवशी.

“बाबा, याच्यात तीन कुठंय?”

सुताराने मला उलटेपालटे करून पाहिले. चूक कबूल करणे त्याच्या जिवावर आले.

“आपल्या घरात तीन पडत नाही,” तो म्हणाला. “चारच जास्त पडतात. पुढं जायला बरं की नाही?”

मुलीला ते पटले. तिने माझे नाव चौकोबा ठेवले आणि त्या घरात एक बोलणे कायमचे रूढ झाले. जे कधीच होणार नाही ते ‘तीन पडल्यावर’ होणार. मुलीने कुत्रा मागितला की सुतार म्हणायचा, “तीन पडल्यावर आणू.” सुताराने तेल लावायला बोलावले की मुलगी “तीन पडल्यावर!” असे ओरडत पसार. घरात ती बापलेक दोघेच होती, पण हसण्याचा आवाज दहा माणसांचा असायचा. आणि त्या हसण्याच्या मधोमध कोण? मी. त्या काळात मी एकटाच फासा होतो. लोक एकटेपणाचे रडगाणे उगाच गातात, मित्रांनो. सगळे लाड एकाच्याच वाट्याला येतात, याहून मोठे सुख कोणते?

मुलगी मोठी झाली, शिवणकाम शिकली, तिचे लग्न झाले. नव्या घरी जाताना तिने मला बरोबर घेतले खरे, पण कसे? तिचे शिवणयंत्र दोन माणसांनी सांभाळून गाडीत चढवले, त्याला गादीने गुंडाळले, दोरीने बांधले. मला सुयांच्या डबीत कोंबले. तेव्हापासून त्या यंत्राचा आणि माझा छत्तीसचा आकडा आहे. आणि राहायला जागा कुठे मिळाली, तर त्याच यंत्राच्या खणात! रिळे, खडू, हूक आणि अनाथ बटणे यांच्या गर्दीत.

असो. ती मुलगी आता आई झाली आहे. मोठी मुलगी दहा वर्षांची. ती प्रत्येक गोष्टीत मुद्दा काढते, म्हणून तिला सगळे वकीलबाई म्हणतात. धाकटा पाच वर्षांचा. त्याचे नाक शर्टाच्या बटणाएवढे, म्हणून तो बटण. बाबा बस चालवतात. त्यांना मिशा आहेत, म्हणजे होत्या. ते पुढे येईलच. मिशा अशा की बस वळवायच्या आधी त्या वळतात की काय असे वाटावे.

दर रविवारी जेवणे उरकली की आई यंत्रावर झाकण घालते, बाबा चटई अंथरतात, बटण सापशिडीचा पट धावत आणतो. पटाची घडी फाटलेली, ती आईने मागून कापड लावून शिवली आहे. मग खण उघडतो आणि माझी स्वारी बाहेर येते. जो हरेल त्याने चिंध्यांचा मुकुट डोक्यावर घालून सगळ्यांना चहा करून द्यायचा आणि कप विसळेपर्यंत मुकुट काढायचा नाही, असा या घरचा नियम. एकदा दाराशी ब्लाऊज न्यायला आलेल्या बाईंना बाबांनी तसाच मुकुट घालून दार उघडले होते. बाई ब्लाऊज न घेताच परत गेल्या.

माझ्यामुळे या घरच्या सापशिडीत एक गंमत होती. शंभरावर पोचायला नेमके दान पडावे लागते. सत्त्याण्णववर सोंगटी आली की हवे तीन. ते तर माझ्याकडे नाहीत. मग एक पडण्याची वाट पाहायची, नंतर दोन पडण्याची, किंवा आधी दोन आणि मग एक. बाबा एकदा सत्त्याण्णववर असे अडकले की बाकी तिघांचे दोन डाव होऊन गेले. बटणाने त्यांना तिथे उशी आणून दिली. “बाबा, तुम्ही झोपा. पडलं की उठवतो.” आई इतकी हसली की तिला उचकी लागली. हे सगळे कुणामुळे? सांगायला नको.

आणि ‘तीन पडल्यावर’ हे बोलणे आईने माझ्याबरोबरच या घरात आणले होते. बाबा मिशी तीन पडल्यावर काढणार होते. आई तीन पडल्यावर एक अख्खा दिवस यंत्राला हात न लावता पोरांशी खेळणार होती. वकीलबाई आपली रंगांची मोठी पेटी बटणाला तीन पडल्यावर देणार होती. बटण पालेभाजी खाणार होता, तीही तीन पडल्यावर. ही सगळी वचने वकीलबाईला तोंडपाठ होती. कुणी कधी काय कबूल केले, हे ती झोपेतून उठवले तरी सांगेल.

यात आजोबांचेही एक वचन होते. आजोबा म्हणजे तोच सुतार, माझा कर्ता. शहराच्या दुसऱ्या टोकाला दुकानामागच्या खोलीत ते एकटे राहायचे. हात थरथरायला लागले होते, मोठी कामे बंद झाली होती, तरी रोज सकाळी दुकान उघडून बसायचे. आई दर रविवारी फोन करायची आणि शेवटी एकच विचारायची, “बाबा, आमच्याकडे राहायला कधी येताय?”

“तीन पडल्यावर,” आजोबा म्हणायचे, आणि दोन्हीकडे हसणे व्हायचे.

मग एकदा शेजारच्या किल्लीवाल्याचा फोन आला. आजोबा स्टुलावरून घसरून पडले होते आणि तो दुकानात डोकावेपर्यंत तासभर तसेच पडून होते. मोडले काही नव्हते. आई शिवण टाकून धावली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

“काय म्हणाले?” बाबांनी विचारले.

“काय म्हणणार! इतकी विनवणी केली. म्हणाले, तीन पडले की येतो.”

त्या दिवशी मात्र कुणी हसले नाही. आईने खण उघडला, मला बाहेर काढले, माझी चाराची एक बाजू पाहिली, मग दुसरी पाहिली आणि मला मुठीत गच्च धरून बराच वेळ बसून राहिली. मित्रांनो, मी किती मूर्ख! मला वाटले, लहानपणचा सखा म्हणून मला जवळ घेतले. मी मनातल्या मनात यंत्राला वाकुल्या दाखवल्या.

आता त्याच्याकडे येतो. नाव घ्यायलाही मला नको वाटते, पण घ्यावे लागेल.

बटणाच्या वाढदिवसाला आत्याने नवी सापशिडी आणली. चकचकीत पट, सोंगट्यांना वेगळा डबा आणि डब्यात मऊ कापडावर पहुडलेला एक फासा. लाल. आरपार दिसणारा. पांढरे शुभ्र ठिपके, कोपरे असे की नजर घसरावी. बटणाने तो डोळ्याला लावला आणि खिडकीकडे पाहिले.

“ताई, बघ, सगळं घर लाल दिसतंय! आई पण लाल, बाबा पण लाल!”

मला डोळ्याला लावले तर काय दिसणार? लाकूड. त्याचे नाव लगेच ठरले, लाल्या. मला नाव मिळायला एक दिवस लागला होता. सगळे त्याला या हातातून त्या हातात फिरवत होते. बाबांनी तर त्याला नखाने टिचकी मारून “काय आवाज आहे!” असेही म्हटले. फाशाला आवाजाशी काय करायचे आहे, तो काय भजन म्हणणार आहे?

त्या दिवशी खण अर्धा उघडा राहिला होता. मी बटणांच्या ढिगावरून सगळे पाहत होतो. नवा पट अंथरला गेला. पहिले दान वाढदिवसाचे, म्हणजे बटणाचे. त्याने लाल्याला दोन्ही तळव्यांत धरून खुळखुळवले आणि टाकले. लाल्या टुणटुणत गेला, बाबांच्या गुडघ्याला लागला आणि थांबला.

बटण मोजायला वाकला. “एक, दोन...” आणि तो पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

“तीन,” वकीलबाई हळूच म्हणाली. मग उभी राहून, मग किंचाळून, “तीन! आपल्या घरात तीन पडले!”

काय तो गोंधळ! बटण चटईवर लोळायला लागला. आई तोंडावर हात ठेवून बसली. आत्याला काही कळेना, ती बिचारी प्रत्येकाला विचारत सुटली, “अहो, सहा पडले असते तर काय केलं असतं तुम्ही?” आणि वकीलबाईने कमरेवर हात ठेवून बाबांसमोर मोर्चा बांधला.

“बाबा, मिशी.”

“छे! ते चौकोबाबद्दल होतं. हा फासा वेगळा.”

“कोणत्या फाशावर, ते तुम्ही कधी म्हटलं होतं? तीन पडल्यावर, एवढंच म्हटलं होतं. आई साक्षीदार आहे.”

आईने हसता हसता मान डोलावली. बाबांनी हात टेकले आणि न्हाणीघराचे दार लावून घेतले. पाव तासाने बाहेर आले ते कुणीतरी भलताच माणूस होऊन. बटण आईच्या मागे लपला. “हे काका कोण?” दुसऱ्या दिवशी डेपोत कंडक्टर त्यांना बसमध्ये चढू देईना म्हणे. बाबांनी ओळखपत्र दाखवले, तर त्यावरच्या फोटोत मिशी! शेवटी त्यांनी हॉर्न वाजवून दाखवला, तेव्हा कंडक्टरला खात्री पटली. बाबांची हॉर्न वाजवायची पद्धत सगळ्या डेपोला ठाऊक आहे.

तो आठवडा घरात नुसता धुमाकूळ होता. आईने एक अख्खा दिवस यंत्राला कुलूप घातले (यात मात्र मला गार वाटले) आणि पोरांबरोबर पलंगाखाली घर बांधले. तिच्या पाठीत उसण भरली, तरी ती बाहेर यायला तयार नव्हती. बटणाने नाक दाबून पालेभाजी खाल्ली आणि आणखी मागितली, तेव्हा आईने कपाळावर हात मारून घेतला. वकीलबाईने रंगांची पेटी दिली. देताना तिच्या डोळ्यांत पाणी आले, पण दिली. दर वचन पुरे झाले की सगळे लाल्याला आळीपाळीने कपाळाला लावायचे. बटण त्याला उशाशी घेऊन झोपू लागला.

आणि मी खणात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. तुम्हीच न्याय करा. ही वचने इतकी वर्षे कुणामुळे साठली? मी एकदाही तीन पडू दिले नाहीत, म्हणून ना? नाही म्हणण्याची मेहनत सगळी माझी, आणि हो म्हणण्याचे श्रेय त्या दोन दिवसांच्या पोराला! मी मनाशी घोकू लागलो की लाल्या हरवावा. मोरीत पडावा. कुणाच्या तरी पायाखाली येऊन त्याचा चुरा व्हावा. आणि त्याहून जास्त एकच घोकू लागलो, की माझ्याही अंगावर तीन असावेत. कुणीतरी एक ठिपका बुजवावा, बस. एवढे झाले की मग या लाल्याला कोण विचारतो ते पाहू.

पुढच्या रविवारी फोन लावण्याआधी आई जरा अडखळली. वकीलबाईने फोन तिच्या हातातून घेतला.

“आजोबा, तीन पडले!”

तिकडून हसणे आले. “चल, लबाड. तो फासा मी केलाय.”

“तो नाही. नवा आहे. आत्यानं आणलाय. सगळ्यांनी वचनं पाळली. बाबांनी मिशी काढली. आता तुमचं राहिलंय.”

तिकडून स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

“जावयानं खरंच मिशी काढली?” आजोबांनी शेवटी विचारले.

“खरंच,” बाबा ओरडले. “वरचा ओठ गार पडतोय!”

आजोबा आयुष्यभर दिलेल्या तारखेला खुर्ची पोचवणारे कारागीर. शब्द फिरवणे त्यांना जमेना. गुरुवारी ते आले. आईने त्यांच्यासाठी खिडकीजवळचा पलंग लावून ठेवला होता, नवी चादर शिवली होती. आजोबांनी पिशवी खाली ठेवली. लहानशी, दोन कपड्यांची पिशवी. आईने ती पाहिली आणि नव्या चादरीवरची सुरकुती सारखी केली.

“राहायला येतो म्हटलं होतं, आलो,” आजोबा म्हणाले. “रविवारी डाव खेळून संध्याकाळच्या बसनं जातो. किती दिवस राहणार, ते मी कधी म्हटलं होतं?”

मुद्दा काढण्याचा गुण वकीलबाईने कुणाकडून उचलला, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले.

ते तीन दिवस आजोबांनी घरातले सगळे कुरकुरणारे सरळ केले. दाराची बिजागरी, पलंगाचा पाय, आणि माझ्या खणाची खुंटीसुद्धा. खुंटी बसवताना त्यांचा हात खणात आला, रिळांवरून फिरला आणि मला न लागताच परत गेला. मित्रांनो, इतक्या जवळून! मी बटणांखाली होतो. त्या बटणांना मी अजून क्षमा केलेली नाही.

रविवार आला. चटई अंथरली, आजोबा खुर्चीवर बसले, पट स्टुलावर ठेवला. पिशवी भरून दाराशी तयार होती. बटणाने मोठ्या मानाने लाल्याला आजोबांच्या तळहातावर ठेवले. आजोबांनी त्याला उजेडात धरले, अंगठ्याने सहाही बाजू चाचपल्या आणि मान हलवली.

“वा! काय बिनचूक काम आहे. केसाचा फरक नाही कुठं. असं काम मला कधी जमलं नसतं.”

सगळ्यांचे ऐकून घेतले होते मी. पोरांचे, बाबांचे, आत्याचेही. पण ज्यांच्या हाताने मी घडलो, त्यांनी माझ्यासमोर त्याला बिनचूक म्हणावे? फाशाला आसवे नसतात म्हणून बरे, नाहीतर खणातली रिळे ओली झाली असती.

डाव झाला. आजोबा हरले. त्यांनी चिंध्यांचा मुकुट घातला, चहा केला, थरथरत्या हातांनी एकेक कप आणून दिला. बशीत थोडा सांडला, ते कुणी पाहिले नाही असे सगळ्यांनी दाखवले. मग त्यांनी घड्याळ पाहिले.

“चला, निघतो.”

“थांबा,” वकीलबाई म्हणाली. “जायचं असेल तर जा. पण तीन पडल्यावर.”

“अगं, त्या लाल्यावर काय, आत्ता पडतील.”

“या वेळी फासा कोणता, ते मी आधीच सांगते.” आणि तिने खण उघडला, सगळी बटणे जमिनीवर उपडी केली आणि मला शोधून आजोबांच्या हातावर ठेवले.

तो हात! मी तो ओळखला. काळवंडलेली नखे, अंगठ्याजवळचा घट्टा. आजोबा मला पाहून हसले. एक चाराची बाजू पाहिली, दुसरी पाहिली.

“ही माझीच चूक,” ते म्हणाले. “कपाटवाल्याच्या नादात झाली. कारागिरानं आपली चूक मागं ठेवून जाऊ नये. पोरी, शाळेचा डिंक आहे ना तुझा? आण जरा.”

वकीलबाई आईकडे पाहू लागली. आईने मान हलवून ‘आण’ म्हटले. आजोबांनी खिशातला काचकागदाचा तुकडा काढला, पेन्सिलीचे लाकूड घासून चिमूटभर भुसा केला, त्यात डिंकाचा थेंब घातला आणि काडीने कालवला. एक ठिपका बुजवायचा. चाराचे तीन होणार. मग मला टाकायचे आणि तीन पडले की निघायचे.

माझी इच्छा पुरी होत होती, मित्रांनो. ज्यासाठी मी इतके दिवस जळत होतो, ते काडीच्या टोकावर माझ्यासमोर होते. मी लाल्याच्या बरोबरीचा होणार होतो. मला आनंद व्हायला हवा होता.

पण मी खोलीकडे पाहिले. बाबा नव्याने वाढू लागलेल्या मिशीवरून उगाच बोट फिरवत होते. बटण पिशवीवर जाऊन बसला होता. पिशवीचा बंद त्याने पायाला दोनदा गुंडाळला होता. आई आमच्याकडे पाठ करून यंत्रासमोर बसली होती आणि ज्या कापडात सुई नव्हती ते कापड सरळ करत होती. आणि तेव्हा मला कळले की त्या दिवशी तिने मला मुठीत का धरले होते. लाड म्हणून नव्हे. ती माझ्यात तीन शोधत होती. माझ्यावर तीन असते तर तिचे वडील कधीचे तिच्या घरी आले असते. आणि आता तिला हवे होते की तीन नसावेत. मी आयुष्यात प्रथमच मनातून ओरडलो, नको! बुजवू नका! राहू द्या मला चुकीचा!

पण फाशाचे कोण ऐकतो?

काडी ठिपक्यावर आली. काडी जरा बाजूला गेली, परत आली, पुन्हा थांबली. आजोबांनी मान वर केली. आधी बटणाकडे पाहिले, त्याच्या पायाला गुंडाळलेल्या बंदाकडे पाहिले. मग आईच्या पाठीकडे बराच वेळ पाहिले.

“बाबा,” आई पाठ न वळवताच म्हणाली, “निघायच्या आधी दशमी बांधून देऊ का? रात्री करत बसू नका काही.”

आजोबांनी काडी कागदाला पुसली.

“छे,” ते म्हणाले. “लाकूड फार सुकलंय. डिंक धरायचा नाही यावर.”

मित्रांनो, मी लाकूड आहे. माझ्यावर डिंक धरतो की नाही हे मला चांगले ठाऊक आहे. अगदी व्यवस्थित धरला असता. आणि पन्नास वर्षे लाकडात हात घातलेल्या माणसाला ते ठाऊक नसेल होय?

आईचे हात कापडावर थांबले. आजोबांनी मला तळहातात खुळखुळवले आणि पटावर टाकले.

“चार,” ते म्हणाले. “आता तीन पडेपर्यंत काय करायचं? बटण, जरा त्या पिशवीवरून ऊठ. आतला माझा चष्मा मोडेल.”

बटणाने पिशवी उचलली आणि पलंगाखाली अगदी आत, भिंतीपर्यंत सरकवली.

त्याला आता दोन महिने झाले. रोज संध्याकाळी आजोबा मला एकदा टाकतात, पडेल ते पाहतात आणि “आजही नाही” असे म्हणून चहा मागतात. बाकीचा खेळ लाल्यावरच होतो. त्याचा टुणटुण आवाज अजूनही माझ्या डोक्यात जातो, आणि काल बटणाने त्याचा पापा घेतला तेव्हा मला किती झोंबले ते मी सांगणार नाही. स्वभाव कुठे जातो? पण एक मात्र खरे. लाल्यासारखे व्हायची इच्छा आता मला उरलेली नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती. तुमच्याही घरात एखादी वस्तू असेल, जरा चुकलेली, तिरकी, कुठे ठिपका जास्त झालेली. ती दुरुस्त करायला घेण्याआधी किंवा टाकून देण्याआधी थोडे थांबा आणि बघा, तिच्या त्या चुकीच्या आधाराने घरात कोण राहिले आहे ते. आणि नवा-जुना दोन्ही फासे एकाच डब्यात ठेवणार असाल, तर जुन्याला वर ठेवा. नव्याला खाली दाबून ठेवले तरी त्याला काही होत नाही, तो चांगला मजबूत असतो.